ख्रिस्ती धर्म आणि वांशिक न्याय

वंश, वर्ण किंवा जात यांवरून माणसामाणसांत केलेला भेद हे देवाविरुद्धचे पाप असून तो मोडण्यासाठी झटणे हा श्रद्धेचाच भाग होय, अशी ख्रिस्ती धर्मातील भूमिका. देवाने मनुष्य आपल्या प्रतिरूपात निर्माण केला हे बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातील वचन आणि ख्रिस्ताच्या ठायी ज्यू व हेल्लेणी (ग्रीक), दास व स्वतंत्र हा भेद उरत नाही हे प्रेषित पौलाचे बायबलमधीलच प्रतिपादन, हे तिचे मुख्य आधार. मात्र नोहाने आपला नातू कनान याला दिलेल्या, दास होण्याच्या शापाचा दाखला काढून गुलामगिरीचे समर्थनही याच ग्रंथावरून झाले, त्यामुळे या भूमिकेचा इतिहास म्हणजे बव्हंशी चर्चने स्वतःशीच घातलेला वाद आहे.

हा वाद दक्षिण आफ्रिकेत सर्वांत उघडपणे दिसतो. तेथील डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८५७ च्या धर्मसभेने सर्वांनी एकत्र उपासना करणे हेच शास्त्राला धरून आहे असे मान्य केले, पण ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ वेगळ्या उपासनेची मुभाही ठेवली. दुर्बलता अर्थातच गोऱ्यांची होती. मुभेची पुढे रीत झाली आणि १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी निराळे चर्च निघाले. याच निराळ्या काढलेल्या चर्चने १९८२ मध्ये मांडलेल्या व १९८६ मध्ये स्वीकारलेल्या केपटाउनजवळच्या बेल्हार येथील विश्वासघोषणेत, रंगावरून माणसे सक्तीने वेगळी ठेवण्याला शुभवर्तमानाच्या नावाने मान्यता देणारी शिकवण धुडकावली. अमेरिकेत काळ्यांच्या समान हक्कांसाठी लढणारे पाद्री मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून, सबुरीचा सल्ला देणाऱ्या गोऱ्या धर्मगुरूंना पत्राने उत्तर दिले.

मराठीत ‘वर्ण’ या एका शब्दात कातडीचा रंगही येतो आणि चातुर्वर्ण्यही. मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ मध्ये, काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी जनतेला अर्पण करून हे दोन्ही प्रश्न एकत्र बांधले. ठाण्यात प्रश्न जातीच्या रूपाने येतो. पोर्तुगीज अमलात ठाणे-साष्टी-वसई पट्ट्यात बाप्तिस्मा घेतलेल्या कोळी, भंडारी, कुणबी कुटुंबांबरोबर त्यांच्या जातीही चर्चमध्ये आल्या. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, हे दाखवण्यासाठी येथील समाजाने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. मासुंदा तलावाकाठच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये मिस्सेच्या (सामूहिक उपासनेच्या) वेळी ख्रिस्तप्रसादाला रांग एकच लागते. सोयरीक जुळवताना मात्र ‘आपल्यातला का?’ हे विचारले जातेच.

दलित ख्रिस्ती लोकांच्या बाबतीत भेद कायद्यातही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. नवबौद्ध कुटुंबाला मिळणारा दाखला त्याच वस्तीतील, त्याच मूळ जातीच्या ख्रिस्ती कुटुंबाला मिळत नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची ही अट काढण्याची शिफारस केली. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या धोरणात चर्चअंतर्गत जातिभेदाची कबुलीही दिली.