बायोचार उत्प्रेरक म्हणून कसा पुढे आला

लाकूड हवेशिवाय तापवलं की कोळसा उरतो (यालाच आता बायोचार म्हणतात), काही वायू निघून जातो आणि वाफ थंड केली की काळपट द्रव मिळतो. लोखंड वितळवणाऱ्यांना यातला कोळसाच हवा होता, जहाजं बांधणाऱ्यांना डांबर. एकोणिसाव्या शतकात या द्रवातून मिथेनॉल, अॅसिटिक आम्ल आणि अॅसिटोन काढणारे कारखाने चालत. पुढे हीच रसायनं दगडी कोळसा आणि खनिज तेलापासून स्वस्तात बनू लागली आणि तो धंदा बसला.

कोळसा वाफेचं काय करतो, हे मात्र दुसऱ्याच यंत्रात दिसलं. 1920 च्या दशकात जॉर्ज इंबेर यांनी लाकडावर चालणारा गॅसिफायर, म्हणजे लाकडापासून जळाऊ वायू बनवणारं यंत्र, विकसित केला. त्यात वायू वरून खाली येतो आणि बाहेर पडण्याआधी लालभडक कोळशाच्या थरातून जातो. तिथे डांबराचे जड रेणू तुटतात, म्हणून तो वायू इंजिनात चालतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा युरोपात लाखो वाहनं अशा वायूवर धावली. डांबर तुटण्यात उष्णतेचा वाटा मोठा होता, पण कोळशाचा पृष्ठभागही काम करत होता.

1973 च्या तेलसंकटानंतर लक्ष पुन्हा द्रवाकडे वळलं. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात 1980 च्या दशकात वेगवान पायरोलिसिसवर, म्हणजे लाकूड हवेशिवाय झटपट तापवण्यावर, मोठं काम झालं. साधारण 500 अंश सेल्सिअसला वाफ दोन सेकंदांच्या आत थंड केली, तर कोरड्या लाकडाच्या वजनाच्या 70 ते 75 टक्के द्रव, म्हणजे बायो-ऑइल, मिळू शकतं. इथे कोळसा नकोसा झाला. वाफ त्याच्यावर तुटते आणि द्रव घटतो, म्हणून सायक्लोन (वायू गरगर फिरवून त्यातले कण वेगळे करणारं साधन) लावून तो झटपट वेगळा काढायचा. त्यातूनही निसटलेली बारीक भुकटी तेलात उतरली, तर साठवणीत तेल लवकर घट्ट होतं.

तेलही सरळ वापरण्याजोगं नव्हतं. त्यात ऑक्सिजन 35 ते 40 टक्के, पाणी साधारण पाव हिस्सा, पीएच 2 ते 3 आणि उष्णता खनिज तेलाच्या निम्म्याच्या आसपास. ऑक्सिजन काढण्यासाठी तेलशुद्धीकरणातला झिओलाइट हा सच्छिद्र, आम्लधर्मी उत्प्रेरक, विशेषतः त्याचा झेडएसएम-5 हा प्रकार, आणला गेला. त्याने बेंझीन, टोल्युइनसारखी संयुगं मिळतात, पण त्याची छिद्रं जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरची. लिग्निनचे (लाकडाला कडकपणा देणाऱ्या घटकाचे) मोठे तुकडे तोंडाशीच अडतात, तिथे कोक, म्हणजे कार्बनचा थर, साचतो, आणि बायोमासच्या राखेतलं पोटॅशियम आम्लधर्मी जागा निकामी करतं.

या अडचणींमुळे प्रश्न उलटा विचारला गेला: वाफ मोडण्याचा कोळशाचा गुण मुद्दाम का वापरू नये? 2000 नंतर जमिनीत घालण्यासाठी बायोचारवरचं संशोधन झपाट्याने वाढलं होतं, त्यामुळे त्याच्या पृष्ठभागाची माहितीही साठत गेली. झिओलाइटला मारक ठरणारं पोटॅशियम बायोचारमध्ये उपयोगी पडतं. ते आणि कॅल्शियम डांबराचं विघटन वाढवतात. पृष्ठभागावरचे ऑक्सिजनयुक्त गट रेणूंना धरून ठेवतात. पाण्याच्या वाफेने किंवा कार्बन डायऑक्साइडने सक्रिय केलं की छिद्रं रुंदावतात, फॉस्फोरिक आम्लाने सक्रिय केलं तर द्रवात फिनॉलचं प्रमाण वाढतं. निकेल किंवा लोह बसवलं की डांबर आणखी चांगलं तुटतं.

माझ्या मते बायोचारला झिओलाइटचा पर्याय म्हणून पाहणं चुकीचं आहे. पेट्रोलसारखे हायड्रोकार्बन हवे असतील तर झिओलाइटच सरस. डांबर मोडणं आणि फिनॉल मिळवणं, ही बायोचारची खरी जागा. त्यातही किंमत मोजावी लागते: बहुधा वायू वाढतो, द्रव कमी होतो. छिद्रांत कोक बसून बायोचारही थकतो. पाण्याची वाफ सोडून कोक काढता येतो, पण त्याबरोबर बायोचार स्वतःही झिजतो. हा माल त्याच भट्टीतून निघत असल्यामुळे ती झीज परवडते आणि धातू न बसवलेला, थकलेला बायोचार जाळून भट्टीला उष्णता देता येते. सर्वांत चिवट अडचण एकसारखेपणाची आहे. एकाच झाडाच्या सालीत गाभ्यापेक्षा राख कितीतरी जास्त असते, त्यामुळे साल किती मिसळली यावरही उत्प्रेरकाचं वागणं बदलतं.