उतणे (त्वचारोग)

काजूच्या टरफलातील तेल, बिब्ब्याचा रस किंवा आंब्याच्या देठाचा चीक अंगाला लागून होणारा त्वचाशोथ. कोकण किनारपट्टीवर तो मुख्यतः ओल्या काजूगरांच्या दिवसांपासून हापूसची काढणी संपेपर्यंत दिसतो. तिन्ही झाडे आम्र कुलातील (ॲनाकार्डिएसी) आहेत.

यांपैकी बिब्बा (भल्लातक) देशी असून चरकसंहितेत तो अग्नीसारखा तीक्ष्ण म्हटला आहे. औषधात घालण्यापूर्वी विटेच्या चुऱ्यात घोळून त्याचे तेल कमी करण्याची रीत आयुर्वेदात आहे. काजू मात्र पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणला. तो सोळाव्या शतकात आला हे सर्वमान्य असले, तरी नेमके वर्ष व पहिले बंदर यांविषयी एकमत नाही. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ च्या ग्रंथात बिब्ब्याचे वर्णन आहे, काजूचे नाही. ख्रिस्तोव्हाओ द कोस्ता याने १५७८ मध्ये कोचीनच्या बागांतील काजूची नोंद केली. यावरून काजू या दोन वर्षांच्या दरम्यान रुजला असावा, असा तर्क करतात. अनुल्लेख हा पुरावा दुबळाच. तरी गोव्याला आधीपासून मुबलक काजू होता, हे मत त्यामुळे स्वीकारणे कठीण जाते.

काजूच्या तेलात ॲनाकार्डिक आम्ल व कार्डॉल हे मुख्य घटक असतात. बी भाजताना ॲनाकार्डिक आम्लाचे कार्डॅनॉल बनते. बिब्ब्यातील भिलावॅनॉल हे जपानी लाखेच्या झाडातील उरुशिऑलच्या जवळचे. आंब्याच्या चिकात व सालीत याच जातीची रेसॉर्सिनॉले असतात. पिकलेल्या गरात ती फारशी नसल्याने, साल चोखल्यावर ज्याचे ओठ उततात त्याला दुसऱ्याने सोलून दिलेल्या फोडी बहुधा बाधत नाहीत.

उतणे म्हणजे भाजणे की ॲलर्जी, हा जुना वाद आहे. एका मतानुसार टरफलाचे तेल मुळातच दाहक असून पुरेसे लागल्यास पहिल्याच वेळी कोणाचीही कातडी जाळते. दुसऱ्या मतानुसार हे रेणू त्वचेतील प्रथिनांना चिकटतात, टी-पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्यांना परके म्हणून ओळखू लागतात आणि पुढच्या स्पर्शानंतर २४ ते ७२ तासांनी पुरळ उठतो. जेल व कूम्ब्स यांच्या १९६३ च्या ॲलर्जीच्या वर्गीकरणात हा चौथा, विलंबित प्रकार होय. दोन्ही क्रिया एकाच हातावर घडू शकतात. परंतु एकाच घरात केसभर चिकाने एकाला फोड येतात आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, याचा उलगडा केवळ दाहाने होत नाही. सतत काम करणाऱ्यांचा हात ‘मुरतो’ असे म्हणतात. जपानी लाखकाम करणाऱ्या कारागिरांतही अशी सहनशीलता नोंदली गेली आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर व कमरेवर उठलेला पुरळ धोब्याने कपड्यावर केलेल्या बिब्ब्याच्या खुणेमुळे होता, हे १९४३ मध्ये दाखवण्यात आले.

निदान बहुतेक वेळा विचारपुशीवरच होते: ओले काजूगर कोणी सोलले, टाचेच्या भेगेत बिब्बा कोणी भरला, आंबे कोणी उतरवले. काजूगर सोलणाऱ्या बाईची अंगठा व तर्जनीची टोके काळी पडून सालपटे निघालेली असतात. तिथे आणखी तपासणीची गरज नसते. शंका असल्यास पॅच चाचणी करतात. ती त्वचारोगतज्ज्ञ यादासोन याने १८९५ मध्ये मांडली (काही ठिकाणी १८९६, तो प्रसिद्धीचा काळ). संशयित पदार्थ पाठीवर ४८ तास बांधून ठेवतात, आणि पट्टी काढल्यावर व पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा पाहतात. कच्चे टरफलतेल वा बिब्बा तसाच लावून ही चाचणी कधीही करू नये. त्याने पाठ भाजते.

चीक लागताच साबणाने धुणे महत्त्वाचे. कामाआधी हाताला खोबरेल चोळण्याची किंवा राख लावण्याची पद्धत आहे. हातमोजे अधिक भरवशाचे. पुरळावर स्टेरॉइड मलम लावतात. चेहरा सुजला किंवा अंगभर पसरले तर डॉक्टरी देखरेखीखाली पोटातून दोन-तीन आठवडे स्टेरॉइड देऊन मात्रा उतरवत नेतात. हिस्टामिनरोधक गोळ्यांनी झोप लागते, पुरळ थांबत नाही.

काजूगर खाल्ल्यावर काही मिनिटांतच अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे हा प्रकार निराळा. तो गरातील प्रथिनांविरुद्धच्या आयजीई प्रतिपिंडांमुळे होतो आणि १५-२० मिनिटांत वाचता येणाऱ्या टोचणी चाचणीने पडताळतात. कोलंबी व कुर्ल्यांची ॲलर्जी याच गटातील. तिला कारण असलेले ट्रोपोमायोसिन हे प्रथिन शिजवूनही नष्ट होत नाही. धाप किंवा भोवळ आल्यास मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिन हाच उपचार, आणि लगेच रुग्णालय. गांधींवर कोकमाचे आगळ चोळत बसण्याची ती वेळ नव्हे. नीट न राखलेल्या बांगड्यात साचलेल्या हिस्टामिनमुळे येणारी तशीच लाली ही विषबाधा होय, ॲलर्जी नव्हे.