बॅग चोरीला गेली म्हणून गाडीतून उतरू नका

रात्री भुसावळच्या आसपास जाग येते आणि सीटखालची बॅग गायब. लगेच शेजारचे काका सांगतात, "आता उतरावंच लागेल, चोरी जिथे झाली तिथल्याच ठाण्यात तक्रार घेतात." हा समज किती वर्षं चालत आलाय कोण जाणे, पण तो चुकीचा आहे.

प्रवास मोडायची गरज नाही. तक्रारीचा छापील फॉर्म टीसी, गार्ड किंवा गाडीतल्या बंदोबस्ताच्या पोलिसांकडे मिळतो. तो भरून त्यांच्याकडेच द्यायचा. पुढच्या ठाण्यावर तो लोहमार्ग पोलिसांकडे जातो. हद्दीचं कारणही चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर नोंदवता येते. हीच ती 'झिरो एफआयआर'.

बॅग नुसती विसरून उतरला असाल तर १३९ वर फोन करा. गाडी नंबर, डबा, सीट आणि बॅगेचा रंग सांगा. आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) पुढच्या स्टेशनवर ती उतरवून घेऊ शकते. ओळख पटवून बॅग परत देण्याच्या त्यांच्या मोहिमेचं नाव आहे 'ऑपरेशन अमानत'.

दुसरा गैरसमज भरपाईचा : सामान चोरीला गेलं की रेल्वे पैसे देतेच. तसं नाही. रेल्वे कायदा १९८९, कलम १०० : सोबत नेलेल्या सामानाला, रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय, रेल्वे जबाबदार नाही. कमरेच्या पट्ट्यातले लाखभर रुपये चोरीला गेलेल्या प्रवाशाला सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच ऐकवलं.