विटेची धूळ कोणी मोजायची?

१८७०च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसाने एका लहान मुलाला तराजूत बसवले. मुलगा आठ वर्षांचा, वीटभट्टीवर माती वाहणारा. त्याचे वजन भरले जेमतेम २४ किलो. मग स्मिथने त्याच्या डोक्यावरचा मातीचा गोळा तोलला, तो निघाला साडेएकोणीस किलोंचा. हे ओझे घेऊन तो पोरगा आठवड्याला ७३ तास राबत होता.

स्मिथ भट्ट्यांवरचाच माणूस. स्वतः नवव्या वर्षापासून माती वाहिलेला, पुढे कोलव्हिल इथल्या वीट-कौलांच्या कारखान्याचा व्यवस्थापक झालेला. भट्टीवरच्या मुलांच्या हालांवर त्याच्या आधीही लोक हळहळले होते, पण त्याने वजन सांगितले, आणि आकड्यापुढे संसदेला नुसते हळहळून भागेना. १८७१ मध्ये कारखान्यांचा कायदा वीटभट्ट्यांना लागू झाला. दहा वर्षांखालचे मुलगे आणि सोळा वर्षांखालच्या मुली यांना भट्टीवर कामाला ठेवायला बंदी आली. या खटाटोपात स्मिथची नोकरी मात्र गेली.

वीट कामगारांच्या सुरक्षेत सरकार आणि उद्योग यांनी हातात हात घालून काम करावे, असे आज जगभर म्हटले जाते. तसे ऐकले की मला हा तराजू आठवतो. कारण डोक्यावरचे ओझे निदान दिसत तरी होते. आज ज्या ओझ्याबद्दल बोलायचे आहे ते डोळ्यांना दिसतच नाही.

विटेची माती म्हणजे निव्वळ चिकणमाती नसते. तिच्यात गारगोटीचे, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाचे, बारीक कण असतात आणि ते असावेच लागतात. नुसती चिकणमाती वाळताना आकसते आणि तडकते. हे कण सांगाड्यासारखे तिला धरून ठेवतात. भट्टीत ५७३ अंश सेल्सिअसला या गारगोटीची अंतर्गत रचना किंचित बदलते आणि कण फुगतो, थंड होताना त्याच अंशाला पुन्हा आकसतो. जाणते भट्टीवाले त्या टप्प्यावर घाई करत नाहीत, ते त्यामुळेच. गारगोटी विटेच्या प्रत्येक अवस्थेत सोबत असते. भाजल्याने ती नाहीशी होत नाही.

माती ओली असेपर्यंत फारसे भय नाही. मळलेली, यंत्रातून पट्टीसारखी बाहेर येणारी माती धूळ उडू देत नाही. धूळ उठते ती त्याच्या आधी आणि नंतर: कोरडी माती दळताना, चाळताना, भाजलेल्या विटा भट्टीच्या गाड्यांवरून उतरवताना, वीट यंत्राने कापताना, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित म्हणजे झाडू मारताना. साफसफाई हे सुरक्षेचे काम असे आपण धरून चालतो. कोरडा झाडू आणि दाबाच्या हवेचा फवारा मात्र खाली बसलेली धूळ पुन्हा नाकासमोर आणून ठेवतो.

या धुळीतला घातक भाग ओळखणे अवघड असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारे कण बहुतांशी चार मायक्रॉनपेक्षा लहान असतात. अंगावर दिसणारी, डोळ्यांत जाणारी, दातांखाली कचकचणारी धूळ नाकात आणि घशात अडकते. ती थुंकून जाते. न दिसणारी धूळ आत उतरते. आणि ती लवकर खालीही बसत नाही. गारगोटीचा दोन मायक्रॉनचा कण स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यायला तासाहून जास्त वेळ घेतो. म्हणजे यंत्र बंद करून, मास्क काढून, तिथेच डबा उघडून बसलेला कामगार तासाभरापूर्वी उडालेली धूळ श्वासात घेत असतो.

ती पाहायची एक साधी युक्ती आहे. खोलीतला उजेड कमी करायचा, कामगाराच्या मागच्या बाजूने तीव्र झोताचा दिवा लावायचा आणि दिवा स्वतः डोळ्यांआड राहील असे समोर उभे राहून झोताच्या दिशेने पाहायचे. कवडशात धूळ नाचताना दिसते तोच हा प्रकार. एरवी स्वच्छ वाटणाऱ्या हवेत मग धुळीचे लोट दिसू लागतात. पोते झटकले की लोट उठतो, तोंडाभोवती घुटमळतो, धूळ ओढणाऱ्या नळीकडे वळायच्या ऐवजी तिच्या बाजूने निघून जातो. नळीचे तोंड जरा दूर असले की असेच होणार, कारण तोंडाच्या रुंदीइतक्या अंतरावरच ओढणाऱ्या हवेचा वेग साधारण दहाव्या हिश्शावर येतो. लाखमोलाची यंत्रणा हातभर चुकीच्या जागी बसली म्हणून निकामी ठरते. असे दृश्य मालक, कामगार आणि निरीक्षक या तिघांनी एकत्र उभे राहून पाहिले तर वादाचे निम्मे मुद्दे तिथेच मिटतात, असे मला ठामपणे वाटते.

आत गेलेल्या कणाचे काय होते? वायुकोशांत शरीराच्या भक्षक पेशी गस्त घालत असतात. जिवाणू दिसला की गिळायचा आणि पचवायचा, हे त्यांचे काम. गारगोटीचा कण त्या गिळतात, पण पचवू शकत नाहीत. कणाच्या पृष्ठभागामुळे पेशीच्या आतली पाचक पिशवी फाटते, पेशी दाहाचे संदेश सोडत मरते, कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. एकच कण असे किती फेरे घडवतो! दाह झालेल्या जागी शरीर चट्टे तयार करते. जखमेवर वण यावा तसे फुफ्फुस आतून कडक होत जाते. हाच सिलिकोसिस. नेहमीच्या प्रकारात तो दिसायला दहा वर्षे किंवा अधिक लागतात, तो बरा करणारे औषध नाही, आणि धुळीचे काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. सिलिकोसिस झालेल्याला क्षयाचा धोका वाढतो. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या जागी श्वासात जाणारा स्फटिकरूप सिलिका मानवी कर्करोगाचे कारण म्हणून पहिल्या गटात टाकला.

मोजण्याची रीत मोठी नेटकी आहे. कामगाराच्या पट्ट्याला छोटा पंप, कॉलरजवळ बोटभर लांबीचे चक्रीवाताचे नळकांडे. हवा आत गरगरते, जड कण भिंतीला आपटून खाली पडतात, बारीक कण पुढे गाळणीवर जमतात. पाळी संपली की गाळणी तोलायची आणि क्ष-किरणांनी त्यातली गारगोटी मोजायची. अमेरिकेच्या व्यवसाय सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने, म्हणजे ओशाने, २०१६ च्या नियमात आठ तासांच्या पाळीसाठी सरासरी मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ठेवली. युरोपीय संघाने २०१७ मध्ये १०० मायक्रोग्रॅम ही बंधनकारक मर्यादा ठरवली. अंगमेहनत करणारा माणूस एका पाळीत साधारण दहा घनमीटर हवा घेतो. म्हणजे ५० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेवर दिवसभरात श्वासात जाते अर्धा मिलिग्रॅम, जवळपास साखरेच्या एका दाण्याएवढी गारगोटी. स्मिथच्या तराजूत हे वजन कळलेही नसते.

इथे सरकार आणि उद्योग यांची गाठ पडते. मर्यादा सरकारला ठाऊक असते, पण कुठले यंत्र कधी धूळ ओकते हे ठाऊक असते उद्योगाला. आणि गाळणीची पिशवी बदलताना, पट्टा अडकल्यावर तो मोकळा करताना, वेळापत्रकात नसलेल्या त्या दहा मिनिटांत किती धूळ खाल्ली हे फक्त कामगार सांगू शकतो. तिघांपैकी एकालाही पूर्ण चित्र दिसत नाही. ब्रिटनमध्ये १९७२ च्या रॉबेन्स समितीने याच अंगाने मांडणी केली: धोका जे निर्माण करतात आणि जे त्यासोबत काम करतात त्यांच्यावरच पहिली जबाबदारी. त्यातून १९७४ चा कामगार सुरक्षा कायदा आला.

युरोपात २५ एप्रिल २००६ रोजी झालेला सिलिका करार मला याबाबतीत सर्वांत शिकण्याजोगा वाटतो. नेप्सी या नावाने तो ओळखला जातो. सिरॅमिक उद्योगाच्या, म्हणजे वीट-कौलवाल्यांच्याही, संघटनेसह अनेक उद्योगांच्या मालकसंघटना एका बाजूला, कामगार महासंघ दुसऱ्या बाजूला आणि पाठीशी युरोपीय आयोग. त्यांनी मिळून कामांनुसार मार्गदर्शिका लिहिली: दळण्याच्या जागी काय करायचे, पोती रिकामी करताना काय, साफसफाई कशी. आणि दर दोन वर्षांनी आपापल्या कारखान्यांत किती कामगारांची तपासणी झाली, किती जणांना प्रशिक्षण मिळाले, याचे अहवाल द्यायचे ठरवले. बंधनकारक मर्यादा त्यानंतर अकरा वर्षांनी आली. अमेरिकेत लहान कारखानदारांसाठी वेगळी सोय आहे. मोफत सल्ला देणारे तज्ज्ञ येऊन पाहणी करतात, दंड करत नाहीत, निरीक्षकांना कळवतही नाहीत. अट एवढीच, की गंभीर धोका सापडला तर तो ठरल्या मुदतीत दूर केलाच पाहिजे. दंडाच्या भीतीने दार बंद करणारा मालक अशा तज्ज्ञाला आत घेतो.

पण सहकार्य म्हणजे एकमत नव्हे. ओशाच्या २०१६ च्या नियमाला अमेरिकेच्या वीट उद्योगाने विरोध केला, आणि त्याचा मुद्दा पोकळ नव्हता. मातीतल्या गारगोटीच्या कणांवर ॲल्युमिनियमयुक्त मातीखनिजांचा पातळ लेप असतो. त्यामुळे कणाचा पेशीला झोंबणारा पृष्ठभाग काहीसा झाकला जातो. ब्रिटनमधल्या १८ वीट-कौल कारखान्यांतल्या अठराशेहून अधिक कामगारांच्या क्ष-किरण तपासणीचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत फुफ्फुसावर डाग दिसलेले कामगार १.४ टक्के होते. म्हणून वीट उद्योगाला सरसकट तीच मर्यादा नको, असे उद्योगाचे म्हणणे होते. ओशाने लेपाचा परिणाम मान्य केला, पण धोका उरतोच, असे सांगितले. डिसेंबर २०१७ मध्ये अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला.

मला ओशाची बाजू पटते, आणि त्याचे कारण भट्टीच्याच कामात आहे. लेप असतो तो न फुटलेल्या कणावर. दळताना, कापताना कण फुटला की नवा, उघडा पृष्ठभाग तयार होतो, आणि ताजी फुटलेली गारगोटी जुन्या कणापेक्षा पेशींना जास्त घातक असते हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. शिवाय त्या तपासणीत फक्त त्या वेळी कामावर असलेले कामगार होते. धाप लागते म्हणून काम सोडून घरी बसलेला माणूस अशा आकड्यात येतच नाही. तरीही उद्योगाने हा मुद्दा मांडला हे चांगलेच झाले. पुराव्यावर भांडण झाले, आणि पुराव्याचे भांडण सगळ्यांना काही शिकवून जाते.

स्वेच्छेवर किती विसंबायचे, याचे उत्तर बांगलादेशातल्या एका प्रयोगातून मिळते. तिथल्या २७६ भट्ट्यांवर झालेला हा प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. विटा कशा रचायच्या, कोळसा थोडा थोडा आणि सतत कसा टाकायचा, एवढेच भट्टीमालकांना शिकवले. बहुतेकांनी ते उचलले आणि कार्बन डायऑक्साइड व सूक्ष्म धूलिकण सुमारे २० टक्क्यांनी घटले. सक्ती नव्हती. कोळसा वाचत होता, विटाही चांगल्या निघत होत्या. जिथे सुरक्षा आणि नफा एका दिशेला चालतात तिथे माहिती पुरते. सिलिकाच्या धुळीत तसे नाही. धूळ ओढणारी यंत्रणा, पाण्याचा फवारा, झाडूच्या जागी गाळणीचा व्हॅक्यूम या सगळ्याला आज पैसा लागतो, आणि वाचलेले फुफ्फुस दहा-पंधरा वर्षांनी कळते, तोवर कामगार दुसऱ्याच भट्टीवर गेलेला असतो. त्या खर्चासाठी कायद्याची सक्ती लागतेच. सहकार्य त्या सक्तीच्या पायावर उभे राहते, तिच्या बदल्यात नव्हे.

धुळीशिवाय भट्टीवर बाकी धोकेही पुष्कळ. उष्णता, भट्टीच्या धुरातला हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू, आणि माती मळणारे यंत्र. अडकलेला गोळा काढायला कामगाराने हात घातला आणि पलीकडून कोणी कळ दाबली, की पुढचे सांगायला नको. यावरचा उपाय म्हणजे कुलूप. यंत्राची वीज तोडून त्या खटक्याला कुलूप लावायचे, किल्ली खिशात. चौघे आत शिरणार तर चार कुलपे, आणि शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत यंत्र चालू होऊच शकत नाही. अमेरिकेत १९८९ पासून हा नियम आहे. मालकाची परवानगी, मुकादमाचा शब्द, घाई, यांपैकी कशानेही ते कुलूप उघडत नाही. ज्याचा जीव आत आहे त्याच्याच खिशात किल्ली असते.

धुळीच्या आकड्यांबाबत अशी किल्ली कामगाराला हळूहळू मिळू लागली आहे. ओशाच्या नियमानुसार कारखान्यात मोजणी झाली की तिचा निकाल मालकाने १५ कामाच्या दिवसांत प्रत्येक संबंधित कामगाराला कळवायचा. सिलिकाची धूळ घनमीटरला २५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक अशी वर्षातून ३० दिवस भरली, तर दर तीन वर्षांनी छातीची तपासणी मालकाच्या खर्चाने करायची. तपासणीचा पूर्ण अहवाल डॉक्टरांनी द्यायचा तो कामगाराला. मालकाकडे जाणाऱ्या कागदावर तपासणीची तारीख, ती नियमाप्रमाणे झाल्याची नोंद आणि मास्क वापरण्यावर काही बंधन असल्यास ते, एवढेच असते. बाकीचे काही कळवायचे असेल तर त्याला कामगाराची लेखी संमती लागते.