सशांचा आरएचडी : पार्श्वभूमी

१९८४ साली चीनच्या जिआंग्सू प्रांतात जर्मनीहून आणलेले अंगोरा ससे पटापट मेले, तिथून आरएचडीची (रॅबिट हेमोरेजिक डिसीज, सशांचा विषाणूमुळे होणारा रक्तस्रावी रोग) नोंद सुरू होते. संध्याकाळी पाला खाणारा ससा सकाळी पिंजऱ्यात ताठ. आत यकृत निकामी झालेलं, बाहेर कधी नाकाशी रक्ताचा थेंब. त्याआधी मिक्सोमा हा सशांना मारणारा दुसरा विषाणू ऑस्ट्रेलियाने १९५० मध्ये मुद्दाम सोडला होता, कुरणं फस्त करणारे ससे कमी व्हावेत म्हणून. डासांनी तो देशभर नेला, पण पुढे ससे टणक झाले आणि विषाणूही नरमला. म्हणून मेंढ्यावाल्यांचं लक्ष या नव्या रोगाकडे गेलं. १९९५ मध्ये तिथल्या वॉर्डांग बेटावर चाचण्या चालू असतानाच तो मुख्य भूमीवर पोचला. ठपका माश्यांवर आला.

खरा वाद झाला तो न्यूझीलंडमध्ये. जुलै १९९७ मध्ये सरकारी खात्याने विषाणू आणायला नकार दिला. ससे संपले तर त्यांच्यावर जगणारे फेरेट (मुंगसासारखे छोटे शिकारी प्राणी) आणि मांजरं देशी पक्ष्यांवर तुटून पडतील, ही त्या वेळची एक शंका होती आणि ती वावगी नव्हती. ऑगस्टमध्ये तिथल्याच क्रॉमवेल गावाच्या आसपास मेलेले ससे सापडू लागले! चोरून आणलेला विषाणू शेतकऱ्यांनी स्वतःच वाढवला: मेलेल्या सशांची यकृतं घरच्या मिक्सरमध्ये फिरवायची, ते पाणी गाजरांवर, ओटवर शिंपडायचं आणि माळावर पसरायचं. सरकारने थोडे दिवस अडवलं, मग तेच करायला मुभा दिली. कुरणं उजाड होत असलेल्या माणसाची घाई समजते, पण या घाईने त्यांचंच नुकसान केलं. विणीच्या हंगामाच्या तोंडावर रोग सुटला. काही आठवड्यांची पिल्लं या विषाणूने सहसा मरत नाहीत, उलट लागण होऊन वाचलेली पुढे त्याला दाद देत नाहीत. हलक्या मात्रेच्या घरगुती पाण्यानेही असे वाचलेले ससे वाढवले. २०१८ मध्ये त्याच देशाने दुसरा, कोरियातला वाण रीतसर परवानगीने सोडला.

दरम्यान २०१० मध्ये फ्रान्समध्ये आरएचडीचा वेगळाच प्रकार दिसला. तो पिल्लांनाही मारतो. २०२० मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या रानसशांत त्याने धुमाकूळ घातला.

मुंबईपुरतं सांगायचं तर क्रॉफर्ड मार्केटच्या पिंजऱ्यांतले ससे युरोपीय रानसशाचे वंशज, म्हणजे दोन्ही प्रकारांना बळी पडणारे. बोरिवलीच्या जंगलातला, मानेमागे काळा डाग असलेला ससा मात्र लेपस या वेगळ्या गटातला. जुना विषाणू मुख्यतः युरोपीय सशापुरता होता. नवा युरोप-अमेरिकेतल्या लेपस सशांतही सापडला आहे.