भूक मारणारी औषधं नेमकं काय मारतात?

पोट भरलेला उंदीर काय करतो, हे कधीतरी निवांत बघावं. प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात त्याच्यापुढे खाणं तसंच पडलेलं असतं, पण तो तोंड फिरवतो. थोडा इकडेतिकडे हिंडतो, हुंगतो. मग मागच्या पायांवर बसून पुढच्या पंज्यांनी मिशा, कान, अंग साफ करत राहतो. शेवटी कोपऱ्यात मुटकुळं करून झोपतो. खाणं, साफसफाई, झोप हा क्रम इतका ठरलेला की 1975 च्या सुमारास संशोधकांनी त्याला तृप्तीची खूण मानायला सुरुवात केली.

यात एवढं महत्त्वाचं काय? तर औषध टोचल्यावर उंदरानं किती ग्रॅम कमी खाल्लं, हे तराजू सांगतो. का कमी खाल्लं, ते सांगत नाही. ताप आला की आपल्यालाही जेवण जात नाही, पण त्याला कुणी पोट भरणं म्हणत नाही. खाण्यात क्विनाइनसारखं कडू काही मिसळलं तर उंदीर कमी खातो, पण पुन्हा पुन्हा भांड्याशी जातो आणि झोप काही लवकर लागत नाही. मळमळत असेल तर त्याची आणखीच पंचाईत, कारण उंदराला उलटी करताच येत नाही. मग तो चक्क माती खातो. नव्या औषधाची परीक्षा घेताना त्यानं किती माती खाल्ली तेही मोजतात.

असं जवळून पाहिलं तेव्हा कळलं की भूक मारणारी सगळी औषधं एका जातीची नाहीत. ॲम्फेटामीन 1930 च्या दशकापासून वापरात आहे. ते दिलं की उंदीर जेवायला लागतो उशिरा, पण एकदा लागला की भराभर खातो, आणि नंतर झोपायचं सोडून पिंजराभर फिरत सुटतो. फेनफ्लुरामीन हे दुसरं औषध मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतं. ते दिलेला उंदीर जवळपास वेळेवर जेवायला लागतो, सावकाश खातो, लवकर थांबतो आणि शहाण्यासारखा झोपी जातो. दोघांचं खाणं तेवढंच घटलेलं असू शकतं, पण एकाला जेवण आठवत नाही आणि दुसऱ्याचं लवकर भागतं.

लवकर भागलं की वजन उतरणारच, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. जेवताना आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप देतं. 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदीर जेवायला लागला रे लागला की आपोआप हे संप्रेरक टोचलं जाईल, अशी सोय केली होती. प्रत्येक जेवण लहान झालं, अगदी अपेक्षेप्रमाणे. उंदरांनी मग जेवणांची संख्याच वाढवली! वजन फारसं हललं नाही.

या साऱ्या विषयातला माझा सर्वांत आवडता प्रयोग मात्र कॉर्नेल विद्यापीठातल्या डेव्हिड लेवित्स्की यांचा, 1981 चा. फेनफ्लुरामीन रोज दिलं की पहिले काही दिवस उंदीर खूप कमी खातात. हळूहळू खाणं वाढत जाऊन औषध न घेतलेल्या उंदरांइतकं होतं. शरीराला औषधाची सवय झाली, असाच निष्कर्ष कुणीही काढेल. पण मग वजन का वाढत नाही? ते खालीच टिकून राहतं. लेवित्स्कींनी काही उंदरांना आधी कमी खायला घालून त्यांचं वजन उतरवलं आणि मग औषध सुरू केलं. औषध तेच होतं, शिवाय पहिल्यांदाच दिलेलं, म्हणजे सवय होण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही त्यांचं खाणं कमी झालं नाही.

हे समजायला तापाचं उदाहरण बरं पडतं. ताप चढत असताना हुडहुडी भरते. 102 वर पोचला की हुडहुडी थांबते, म्हणून काही ताप गेलेला नसतो. शरीरानं ठरवलेलं तापमान गाठलं गेलं, एवढंच. खाणं कमी होणं हेही या हुडहुडीसारखंच आहे, असं मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी 1982 मध्ये सुचवलं. औषध शरीराला पटणारं वजन खाली सरकवतं, आणि तिथं पोचेपर्यंतच भूक दबलेली राहते.

मेंदूत किलोचा नेमका आकडा कोरलेला असतो, हे मला फारसं पटत नाही. औषध आणि भूक यांच्यातली रस्सीखेच म्हटलेलं बरं. त्यातला भुकेचा जोर अमेरिकेतल्या केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मोठ्या चलाखीनं मोजला. मधुमेहाच्या कॅनाग्लिफ्लोझिन या औषधामुळे रोज सुमारे 360 कॅलरींची साखर लघवीवाटे निघून जाते. घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. वजन सरासरी चारेक किलो उतरलं आणि थांबलं, कारण माणसं नकळत जास्त खाऊ लागली होती. हिशेब निघाला तो असा: उतरलेल्या दर किलोमागे भूक रोज सुमारे 100 कॅलरींनी वाढते.

वजन उतरवणाऱ्या आजच्या सेमाग्लुटाइड या औषधासमोरही हीच रस्सी आहे, फक्त त्याची ओढ जबरदस्त आहे. जेवल्यावर आतड्यातून सुटणाऱ्या जीएलपी-1 या संप्रेरकाची ही नक्कल. मूळ संप्रेरक दोन-तीन मिनिटांत निम्मं संपतं. नकलेला निम्मं व्हायला आठवडा लागतो. मेंदूच्या ज्या मोजक्या भागांत रक्तातले असे रेणू शिरू शकतात, तिथं ते पोचतं. त्यातला एक भाग उलटीच्या भावनेशी जोडलेला आहे, त्यामुळे मळमळ हा याचा नेहमीचा त्रास. हवं तेवढं जेवा असं सांगितल्यावर हे औषध घेणाऱ्यांनी सुमारे एक तृतीयांश कमी खाल्लं. डोक्यातली खाण्याची सततची भुणभुण थांबल्याचं अनेकजण सांगतात. 2021 च्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत वजन सरासरी 14.9 टक्के उतरलं. तुलनेसाठी ज्यांना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं, त्यांचं 2.4 टक्के.

जुन्या औषधांची नावं आता फारशी ऐकू येत नाहीत, त्याला कारण आहे. फेनफ्लुरामीननं हृदयाच्या झडपा बिघडवल्या, ते 1997 मध्ये गेलं. रिमोनाबंटनं नैराश्य आणलं, ते युरोपात 2008 मध्ये थांबलं. सिब्युट्रामीन 2010 मध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे गेलं. भुकेसाठी शरीर वेगळी रसायनं ठेवत नाही. जे सेरोटोनिन तृप्ती देतं, त्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी झडपांवरही असतात.

वर्षभरानं काटा हलेनासा झाला की ‘औषध लागू पडेनासं झालं’ अशी तक्रार येते. बहुतेक वेळा ते लागू असतंच. दोन्ही बाजूंची ओढ सारखी झालेली असते. खरं काय ते औषध बंद केल्यावर दिसतं. सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांचं उतरलेलं दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं. फेनफ्लुरामीन थांबवल्यावर उंदीरही अधाशासारखे खात सुटायचे. औषध न घेतलेल्या उंदरांचं वजन त्यांनी गाठलं, की ते जास्तीचं खाणं आपोआप थांबायचं.