भुंगा मधमाशीचा कोण लागतो?

गुलाबाच्या पानांना कंपासने आखल्यासारखे गोल कट दिसले की बरेच जण अळी पडली म्हणून लगेच फवारा काढतात. अहो थांबा, ते काम मधमाशीच्या गोतातल्या एका माशीचं आहे. मेगाकाइल नाव तिचं, पानाचे तुकडे नेते, त्यांची सुरळी करते, आत परागाचा गोळा ठेवून वर एक अंडं घालते, तोंड बंद करते आणि पुढच्या सुरळीला लागते. ना राणी ना पोळं ना कामकरी. जगात मधमाशीच्या या गोतात 20 हजारांवर जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक अशाच एकट्या राहणाऱ्या, आपल्याला फक्त मधवाली माहीत.

आता लाकूड पोखरणारा काळा भुंगा घ्या (पोखरते खरं तर भुंगीच). तोही पोळं करत नाही, म्हणजे तो आणि ही पानं कापणारी जवळचे आणि मधमाशी लांबची, असंच वाटणार ना? पण उलटं आहे, भुंगा मधमाशीच्याच एपिडी कुळातला आणि मेगाकाइल शेजारच्या कुळातली. राहणी सारखी म्हणून रक्ताचं नातं जवळचं असं नसतं.

ही नाती शोधायला आता डीएनए वाचतात आणि त्यात सोपा पडतो मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे शाळेतल्या तंतुकणिकेचा. तो आईकडूनच येतो आणि एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे माशीचा एक पायसुद्धा पुरतो. मधमाशीचा हा जीनोम (मायटोकॉन्ड्रियातला सगळा डीएनए) 1993 साली पूर्ण वाचून झाला, 16,343 अक्षरं. आपला 16,569 आणि जीन, म्हणजे जनुकं, दोघांकडे 37च, गंमत आहे की नाही!

पण एक लोचा आहे. डीएनएची अक्षरं चारच, ए, टी, जी, सी, आणि मधमाशीच्या त्या अक्षरांत जवळजवळ 85 टक्के नुसते ए आणि टी. अर्धा गाव पाटील असेल तर आडनाव जुळलं म्हणून भाऊबंद ठरवणार का तुम्ही? तसंच इथे, लांबच्या दोन माश्यांची अक्षरं नुसत्या योगायोगाने जुळतात आणि कॉम्प्युटर त्यांना सख्ख्या बहिणी करून टाकतो. म्हणून मग जीन कुठल्या क्रमाने बसलेत तेही बघतात, फळमाशीशी ताडून पाहिलं तर मधमाशीत टीआरएनएच्या (प्रथिनं बनवताना कच्चा माल आणून देणारे रेणू) 11 जीननी जागा बदललीय, आणि असे बदल दोघींत योगायोगाने सारखेच होणं त्यामानाने अवघड. तरी खूप जुनी नाती असतील तर केंद्रकातले जीन घेऊन पडताळावंच लागतं.

आणि आणखी मागे गेलात तर ही सगळी मंडळी निघतात शिकारी गांधीलमाश्यांच्या घराण्यातली, त्या पिल्लांना किडे भरवायच्या, ह्यांनी पराग भरवायला घेतला.